खुर्चीचे झिजलेले हात

मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात किंवा चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर एखादी जुनी खुर्ची दुरुस्तीला येते, तेव्हा तिच्यासोबत बहुतेक वेळा दोन मागण्या येतात. नव्यासारखी करून द्या, ही पहिली. आजोबांची आहे, जशी आहे तशीच राहिली पाहिजे, ही दुसरी. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दमात येतात. कारागीर दोन्हींना मान डोलावतो आणि खुर्ची आत घेतो. वस्तू बदलली तरी ती ‘तीच’ आहे असं माणूस कशाच्या बळावर म्हणतो, हा प्रश्न भिक्खू, नैयायिक आणि देवळांचे स्थपती यांना शतकानुशतकं पडत आला आहे. कारखान्याच्या दारात तो रोज उभा असतो आणि तिथे त्याचं उत्तर पटाशीने आणि काचपेपरने द्यावं लागतं.

हा धंदा बहुधा घरातूनच उभा राहतो. कुणाचे वडील सुतार असतात. कुणी आजीचं शिसवी कपाट मोडीत जाऊ द्यायचं नाही म्हणून स्वतःच घासायला बसतं, मग शेजारपाजारची कामं येऊ लागतात आणि पत्र्याच्या शेडखाली कारखाना सुरू होतो. वाडे पडले, चाळींच्या जागी टॉवर आले, मोठी कुटुंबं दोन-तीन खोल्यांच्या फ्लॅटांत विभागली गेली. त्यामुळे माल येतच राहतो: छपरी पलंग, फडताळं, लांब हातांच्या आरामखुर्च्या, झोपाळे, देव्हारे, पाट. इंग्रजी अमलात ब्रह्मदेशातून आलेल्या सागवानासारखं लाकूड आता सहजासहजी मिळत नाही, म्हणून मोडक्या पलंगालाही भाव असतो. पण कपाट घेऊन येणारं कुटुंब त्या भावासाठी आलेलं नसतं. त्यांना त्या लाकडाशी जोडलेली माणसं परत हवी असतात, आणि नेमकी हीच गोष्ट कुठल्याही दरपत्रकात लिहिता येत नाही.

पहिला निर्णय पृष्ठभागाचा. लाकडावर प्रकाशाचा परिणाम मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे फारसा पोहोचत नाही. सत्तर-ऐंशी वर्षांत सागवानाला चढलेला मधासारखा रंग, हात टेकून टेकून खुर्चीच्या हातांना आलेली गुळगुळीत झीज, ओल्या पेल्याने उमटलेलं वर्तुळ, हे सगळं त्या पातळ थरात असतं. घासायचं मशीन हा थर काही मिनिटांत काढून टाकतं. खालून येतं ते लाकूडही त्याच झाडाचं आणि तितकंच जुनं असतं, पण त्या लाकडाला घरातल्या कुणाचा हात कधी लागलेला नसतो. खुर्ची चकचकीत होते आणि आजोबा बसायचे ते पृष्ठ भुसा होऊन जमिनीवर पडतं.

म्हणून जुने पॉलिशवाले आधी काचपेपर उचलत नाहीत. ते कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवून पाहतात. थर विरघळला, तर ती चपडी. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून चपडी बनते. झारखंड हा तिच्या उत्पादनाचा मोठा प्रदेश आहे आणि लाखेवरच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुमला १९२४ मध्ये संस्था उभी राहिली. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून, हात न थांबवता ती थरावर थर चढवली जाते. एकेक थर वाळायला वेळ लागतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने पॉलिशवर पांढुरकी झाक येते, मग काम आणखी रेंगाळतं. फवारणीने मारलेला मेलामाइन किंवा पॉलियुरेथेनचा (पीयूचा) थर यापेक्षा पुष्कळ लवकर बसतो आणि पाण्याला, उष्णतेला दादही देत नाही. धंद्याच्या हिशेबात चपडी मागे पडते ती इथेच.

पण चपडीत एक गुण आहे. वाळून कितीही वर्षं झाली तरी ती स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. त्यामुळे नवा थर जुन्या थराला मऊ करून त्यात मिसळतो. आज चढवलेलं पॉलिश पन्नास वर्षांपूर्वीच्या पॉलिशशी एकजीव होतं आणि दोघांमध्ये रेघ ओढता येत नाही. पीयूचा थर तसा विरघळत नाही. पुढच्या पिढीला तो नको असेल तर खरवडूनच काढावा लागतो. सांध्यांचंही असंच आहे. जुन्या फर्निचरमधला सरस ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, सांधा मोकळा होतो, तुटलेला भाग बदलून पुन्हा जोडता येतो. १९५९ मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने सुताराचं रोजचं काम सोपं केलं, पण त्या जातीच्या डिंकाने बसवलेला सांधा सहजी उघडत नाही. साहित्य निवडताना कारागीर फक्त पक्केपणा निवडत नसतो. पुढे कधीतरी आणखी कुणी हात लावणार आहे, हे तो मान्य करतो किंवा नाकारतो.

भाग असे बदलत राहिले तर वस्तू कुठे उरते, हा प्रश्न आला की मिलिंद राजा आठवणं साहजिक आहे. ग्रीक वंशाचा हा राजा, इतिहासातला मिनँडर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करत होता. त्याचा आणि नागसेन भिक्खूचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आला आहे. राजा रथातून आला हे कळल्यावर नागसेन त्याला एकेक भाग घेऊन विचारतो: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? सांगाडा, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? या सगळ्यांच्या आधाराने दिलेलं एक नाव, एवढंच उत्तर उरतं.

हा संवाद मुंबईच्या इराणी हॉटेलात बसूनही करता येईल. तिथल्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या ज्या घराण्याच्या, त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. मिखाएल थोनेटने लाकूड वाफेने वाकवायची पद्धत बसवली आणि व्हिएन्नातला धंदा मुलांच्या नावाने चालवला. ही खुर्ची सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यात बनायची. सुटे भाग पेटीत भरून ती जगभर जायची आणि जिथे पोहोचायची तिथे जोडली जायची. एका पेटीतली पाठ दुसऱ्या पेटीतल्या बैठकीला बसली तरी खुर्ची खुर्चीच. तिच्यात ‘मूळ’ शोधायला गेलं तर नागसेनाने रथात जे दाखवलं तेच हाती लागतं.

नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांना, हे पटत नाही. त्यांच्या मते अवयव वेगळे आणि त्यांतून बनलेली अखंड वस्तू, म्हणजे अवयवी, वेगळा. सुतांहून कापड ही स्वतंत्र, खरी वस्तू आहे. पण याची किंमत ते प्रामाणिकपणे मोजतात. कापडाचं एक सूत काढलं की जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या सुतांचा नवा अवयवी तयार होतो, असं त्यांना मानावं लागतं. हा निकष लावला तर एक मोडका पाय बदलताच आजोबांची खुर्ची संपली आणि कारागिराच्या हातून दुसरी जन्मली. युरोपात टॉमस हॉब्जने १६५५ मध्ये, एकेक फळी बदलत गेलेल्या थीसिअसच्या जहाजाच्या जुन्या कोड्याला आणखी एक पीळ दिला: काढून टाकलेल्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज पुन्हा बांधलं, तर खरं जहाज कुठलं? जुन्या फर्निचरच्या बाजारात हा तर्कशास्त्राचा खेळ राहत नाही. एका कपाटाचा वरचा भाग आणि दुसऱ्याचा खालचा भाग जोडून ‘एकच जुनं कपाट’ म्हणून विकलं जातं, तेव्हा त्या कोड्यावर कुणाचे तरी पैसे लागलेले असतात.

नागसेनाकडे मात्र आणखी एक उत्तर आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का, असं तो विचारतो. एकही नाही आणि दोनही नाहीत. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी ती चालत आली आहे. वस्तूची ओळख तिच्या द्रव्यात किंवा आकारात कोंडलेली नाही, ती न तुटता चालत आलेल्या क्रमात आहे. फर्निचरच्या बाबतीत हा क्रम आपोआप चालत नाही. कुणीतरी तेल-पाणी करतं, वेत सैल झाला की विणून घेतं, ढिला सांधा ठोकून बसवतं. हा जपणुकीचा क्रम टिकला तर पाय बदललेली खुर्चीही आजोबांचीच. तो तोडून टाकला तर एकही तुकडा न बदललेली खुर्चीसुद्धा नुसतं जुनं लाकूड होते.

देवळांनी हा प्रश्न नुसता चर्चेत ठेवला नाही, त्याचे विधी बांधले. अग्निपुराणात जीर्णोद्धाराचं प्रकरण आहे. जीर्ण मूर्ती लाकडाची असेल तर अग्नीला द्यावी, दगडाची असेल तर खोल पाण्यात सोडावी, आणि त्याच द्रव्याची, त्याच मापाची नवी मूर्ती त्याच दिवशी स्थापावी, असं ते सांगतं. ‘त्याच दिवशी’ हा तपशील महत्त्वाचा आहे. जुनं संपणं आणि नवं सुरू होणं यांत फट राहू द्यायची नाही, ही त्यामागची काळजी आहे.

पुरीला हे भव्य रूपात दिसतं. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो त्या वर्षी जगन्नाथाचा नवकलेवर सोहळा होतो. १९६९, १९७७, १९९६ आणि २०१५ ही अलीकडची वर्षं. लक्षणं पाहून निवडलेल्या कडुनिंबाच्या झाडांपासून नव्या मूर्ती घडतात. रात्रीच्या अंधारात, डोळे बांधून आणि हात कापडात गुंडाळून, जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो. जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातच कोइली वैकुंठात पुरल्या जातात. हे सगळं करणारे सेवेकरी, दैतापती, स्वतःला देवाचे आप्त मानतात आणि घरातलं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात. देव तोच आहे अशी त्यांची श्रद्धा असूनही गेलेल्या लाकडासाठी ते शोक करतात. दोन्ही भावना खऱ्या आहेत आणि पुरीच्या परंपरेने दोघींनाही जागा दिली आहे.

जपानात इसेचं शिंतो मंदिर दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेत पुन्हा बांधलं जातं. २०१३ मध्ये ते बासष्टाव्यांदा झालं. उतरवलेलं लाकूड वाया जात नाही, ते कमानींना आणि इतर मंदिरांना लागतं. जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीतलं लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचं व्यासपीठ, बाराव्या शतकात नूरुद्दीनने घडवून घेतलं आणि ११८७ नंतर सलाहुद्दीनने ते तिथे आणलं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये ते आगीत भस्मसात झालं. कोरीवकामाची भूमिती नव्याने उलगडून, जुन्या पद्धतीने तुकड्यात तुकडा अडकवत घडवलेलं मिंबर २००७ मध्ये त्याच जागी उभं राहिलं. जळून उरलेले तुकडे मात्र जपून ठेवले आहेत. नव्याने जुन्याची जागा घेतली, पण जळलं होतं हे लपवलं नाही.

पुरी, इसे आणि जेरुसलेम यांच्या श्रद्धा वेगळ्या आहेत, विधी वेगळे आहेत. तरी तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. काय टाकलं, काय ठेवलं, कोणी केलं आणि केव्हा केलं, हे समाजाला माहीत असतं. बदल उघड असतो, म्हणूनच सातत्यावर विश्वास बसतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो धर्मातूनच येतो. एका खुर्चीसाठी एवढं कशाला? गीतेत तर देहालाच जीर्ण वस्त्राची उपमा आहे. जैन परंपरेत अपरिग्रह हे महाव्रत आहे. मग आजीचं कपाट वाचवायला हजारो रुपये आणि महिनाभराचं काम खर्च करणं हा मोहच नाही का? आक्षेप टाळून चालणार नाही, कारण या धंद्यात मोह भरपूर आहे. घरात जागा नसताना पलंग अडकवून ठेवणं, वाटणीत एका देव्हाऱ्यासाठी भावंडांनी बोलणं टाकणं, ‘अँटिक’ म्हणून मिरवण्यासाठी वस्तू गोळा करणं, ही सगळी त्याचीच रूपं आहेत.

पण अपरिग्रहाचा अर्थ वस्तूंची हेळसांड असा होत नाही. आहे ती खुर्ची आणखी चाळीस वर्षं वापरात ठेवली तर एक नवं झाड तोडायची वेळ पुढे जाते. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्याआधी वनात जाऊन काय करावं याचा स्वतंत्र अध्याय आहे. त्या झाडावर राहणाऱ्या भूतांना बळी अर्पून, त्यांनी दुसरीकडे वस्ती करावी अशी विनवणी करायची असते. त्याच ग्रंथात शय्या आणि आसनं यांच्या लाकडावरही अध्याय आहे. साग शुभ मानला आहे. वीज पडलेलं, पुराने किंवा वाऱ्याने पाडलेलं, पक्ष्यांची घरटी किंवा मधमाशांची पोळी असलेलं, स्मशानातलं झाड वर्ज्य ठरवलं आहे. अशा लाकडाच्या पलंगाने कुळाचा नाश होतो, असं तो बजावतो. आज कुणी हे शकुन मानो वा न मानो, पलंग हा एका जिवंत झाडाच्या मोबदल्यात मिळालेला आहे, ही जाणीव त्यात लख्ख आहे. झाडाची विनवणी करून आणलेलं लाकूड पन्नास वर्षांत भंगारात टाकणं हा विरक्तीचा पुरावा होऊ शकत नाही.

मोह आणि कृतज्ञता यांतला फरक ओळखायची एक साधी कसोटी आहे: वस्तू दुसऱ्याच्या हाती देता येते का? गांधीजींनी संपत्तीबद्दल विश्वस्ताची भूमिका मांडली. घराण्यातल्या वस्तूला ती नेमकी लागू पडते. आज जो बसतो तो त्या खुर्चीचा राखणदार आहे. मुलांना ती नको असेल, फ्लॅटमध्ये मावत नसेल, तर जो वापरील आणि जपेल त्याच्याकडे ती गेली पाहिजे. कारखाना चालवणारं कुटुंब हेच काम करतं. एका घरात संपलेली जपणूक ते दुसऱ्या घरात सुरू करून देतं. धंदा म्हणून याला हिणवायचं काही कारण नाही.

मात्र अट आहे ती खरेपणाची. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात गृहस्थाच्या अचौर्यव्रताचे जे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत, त्यांत चोरून आणलेला माल घेणं आहे, खोटी वजनमापं आहेत आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ही आहे, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपवणं. या धंद्यातली तिन्ही मोठी प्रलोभनं त्या यादीत आली आहेत. नव्या लाकडाला चहाच्या पाण्याने रंग देऊन, साखळीचे घाव घालून, भोकं पाडून वाळवी लागल्याचा भास निर्माण करता येतो. जुन्या देवळाची खांबपट्टी कुठून आली हे न विचारताही विकता येते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या व्यापाराला परवाना सक्तीचा केला आहे आणि निर्यातीला बंदी घातली आहे. पण कायदा पोहोचत नाही अशी पुष्कळ कामं रोज होतात. ऐंशी वर्षांची खुर्ची कायद्याने पुरावस्तू ठरत नाही. तिच्याबद्दल खरं सांगायचं की नाही हे कारागिराच्या व्रतावरच राहतं. खोटी झीज हे मोठं पाप यासाठी की ती न जगलेलं आयुष्य विकते. जपणुकीचा क्रम हीच वस्तूची ओळख असेल, तर त्या क्रमाबद्दल खोटं बोलणं म्हणजे ती ओळखच पुसणं.

हा विचार आणि कुटुंबाचा धंदा एकत्र नांदू शकतात याचं एक ठळक उदाहरण अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या न्यू होप गावी आहे आणि त्याची मुळं पुद्दुचेरीत आहेत. जपानी वंशाचे अमेरिकन वास्तुविशारद जॉर्ज नाकाशिमा १९३७ मध्ये अरविंद आश्रमाच्या गोलकोंड या इमारतीच्या कामासाठी तिथे आले आणि साधकच झाले. श्रीअरविंदांनी त्यांना सुंदरानंद हे नाव दिलं. पुढे महायुद्धात, १९४२ मध्ये, पत्नी आणि तान्ह्या मुलीसह त्यांना आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबण्यात आलं. तिथेच एका जपानी सुताराकडून त्यांनी पारंपरिक हातकाम शिकून घेतलं. सुटकेनंतर न्यू होपला कारखाना उभा राहिला. लाकडाला गेलेली चीर ते लपवत नसत. फुलपाखराच्या आकाराची लाकडी पट्टी आडवी बसवून ती चीर वाढू न देता दिसती ठेवत. घरातल्या वापराने फर्निचरवर पडणाऱ्या ओरखड्यांना त्यांच्या घरी मुलाच्या, केव्हिनच्या, नावावरून ‘केव्हिनायझिंग’ म्हणत. मुलाने टेबलावर उमटवलेल्या खुणा खरवडून काढायच्या नाहीत, ही त्या घराची रीत होती.

१९९० मध्ये जॉर्ज गेले आणि छावणीतली ती तान्ही मुलगी, मीरा, कारखान्याची प्रमुख झाली. वडिलांच्या आराखड्यांवर घडलेली वस्तू नाकाशिमाच म्हणायची का, हा प्रश्न तिच्यापुढे आला. तिने तो झाकला नाही. तिच्या काळातल्या वस्तूंच्या खालच्या बाजूला तिची सही आणि साल असतं. जॉर्ज यांच्या काळातल्या अनेक वस्तूंखाली ज्याच्यासाठी ती घडवली त्या गिऱ्हाइकाचं नाव शाईने लिहिलेलं सापडतं. कोणी घडवलं, कोणासाठी घडवलं, हा सगळा क्रम लाकडावरच नोंदवलेला आहे.

आपल्याकडच्या कारखान्यांना हे सहज जमण्यासारखं आहे. खुर्ची आत घेताना तिचा फोटो काढावा. मशीन लावण्याआधी गिऱ्हाइकाला एका कोपऱ्यात साफ केलेला आणि न केलेला भाग शेजारी शेजारी दाखवावा आणि काय काय पुसलं जाईल ते सांगावं. बदललेला पाय, नवा वेत, चढवलेलं पॉलिश, कारागिराचं नाव आणि साल, एवढं बैठकीच्या खाली पेन्सिलीने लिहावं. कुटुंबाला ठाऊक असेल तर खुर्ची कोणाची, कोणत्या गावची, हेही त्याखाली घालावं. पुढे ती विकली गेली तर नव्या मालकाला ते वाचता येईल आणि त्याच्या नातवाच्या पॉलिशवाल्याला कोणता थर विरघळेल हे कळेल. पाच मिनिटांचं काम आहे. खंडेनवमीला रंधा, पटाशी आणि करवत धुऊन-पुसून पूजेला मांडतात, त्या दिवसापासून कुठल्याही कारखान्याने ते सुरू करावं.